जूनमधे लागतो तो मृग आणि हिवाळ्यात दिसतो तो मृग एकच का? (आकाश बघायला नवीन आहे, अजूनही प्रश्न आहेत)

माळरान

नमस्कार मंडळी. मी बार्शीजवळच्या गावात राहतो, शेती आहे आणि सोबत छोटं दुकान. यंदा पावसाळा संपल्यापासून आकाश बघायचा नाद लागलाय, लेक सातवीत आहे तिलाही लागलाय, जेवणं झाली की दोघं गच्चीवर. गावात उजेड कमी त्यामुळे तारे भरपूर दिसतात पण कुठला कोण ते कळत नव्हतं म्हणून मोबाइलवर आकाशाचं अ‍ॅप टाकलं, यूट्यूबवर थोडं ऐकलं, आणि आता शब्दांचाच गोंधळ व्हायला लागलाय.

मोठा गोंधळ मृगाचा. आमचे वडील दरवर्षी ७-८ जूनला म्हणणार मृग लागला, आणि ते काय फक्त आमच्या घरात नाही, सगळ्या महाराष्ट्रात तसंच म्हणतात. पण अ‍ॅपमधे मृगाचे तारे आत्ता नोव्हेंबरात रात्री साडेआठ-नऊला पूर्वेकडे वर येताना दिसतायत आणि जो तो म्हणतो मृग म्हणजे हिवाळ्याचं नक्षत्र. लेकीने सरळ विचारलं, मग आजोबांचा मृग वेगळा का? वडील म्हणाले पंचांगात असतं ते खरं. आता दोन्ही कसं खरं असेल?

दुसरं, राशी, नक्षत्र आणि तारकासमूह हे एकच की वेगवेगळं. तिसरं, अ‍ॅपमधे प्रत्येक ताऱ्यापुढे प्रत म्हणून आकडा येतो, व्याधाला उणे १.४६ आणि बारीक ताऱ्याला ५, मग हे उलटं कसं. आणि चौथं म्हणजे आठ-दहा हजारापर्यंत टेलिस्कोप घ्यायचा विचार आहे, ऑनलाइन एक बघितलाय त्यावर ५२५ पट मोठं दिसेल असं लिहिलंय, घेऊ का? जाणकारांनी सांगावं, आगाऊ धन्यवाद.

उत्तररात्र

माळरान, तुमच्या लेकीने फार मोलाचा प्रश्न विचारलाय. मृग एकच आहे, आजोबाही बरोबर आणि अ‍ॅपही बरोबर, आणि हे एक नीट समजलं की नवशिक्याला लागणाऱ्या निम्म्या संज्ञा आपोआप कळतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते त्यामुळे आपल्याला सूर्य ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर रोज थोडा पूर्वेकडे सरकताना दिसतो, म्हणजे दिसला असता, उजेडात मागचे तारे दिसत नाहीत इतकंच. वर्षभरात तो आकाशातून जी गोल वाट पुरी करतो तिला आयनिकवृत्त म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या लोकांनी या वाटेचे २७ सारखे भाग केले, एकेक भाग १३ अंश २० कलांचा (६० कला म्हणजे एक अंश), आणि प्रत्येक भागाला तिथल्या किंवा जवळपासच्या ताऱ्यांचं नाव दिलं, तीच २७ नक्षत्रं. सूर्य दिवसाला साधारण एक अंश सरकतो म्हणून एका नक्षत्रात तो तेरा-चौदा दिवस असतो. २५ मेच्या सुमाराला रोहिणीत जातो, ७-८ जूनला मृगात, २१-२२ जूनला आर्द्रात. मृग लागला म्हणजे सूर्य मृगाच्या भागात आला.

आता बघा, सूर्य जिथे आहे तिथले तारे सूर्याबरोबरच उगवणार आणि त्याच्याबरोबरच मावळणार. म्हणजे जूनमधे मृग दिवसभर डोक्यावर असतो पण दिसायची काही सोयच नाही. सहा महिन्यांनी सूर्य आकाशाच्या बरोबर समोरच्या बाजूला गेलेला असतो, मग डिसेंबरच्या मध्याला मृग सूर्यास्ताच्या सुमाराला उगवतो, मध्यरात्री सगळ्यात वर येतो आणि पहाटेपर्यंत दिसतो. ज्या नक्षत्राचा पाऊस चालू आहे ते नक्षत्र त्या दिवसांत सहसा दिसत नाही हे लेकीला सांगा आणि दुसऱ्या नक्षत्रावर तपासूनही घ्या. हस्त लागतो सप्टेंबरच्या शेवटी, आणि हस्ताचे पाच तारे संध्याकाळी बघायचे तर एप्रिल-मेमधे दक्षिणेकडे बघायचं.

एक बारकावा राहिला. जूनमधे सूर्य मृगाच्या ताऱ्यांच्या अगदी मधून जात नाही, त्यांच्या थोडा उत्तरेकडून जातो, मृगाचे तारे आयनिकवृत्ताच्या दक्षिणेला आहेत.

हे रोजचं सरकणं मोजताही येतं. आज एखादा तारा समोरच्या लिंबाच्या शेंड्यावर ९ वाजता आला असेल तर उद्या तो ८ वाजून ५६ मिनिटांनी येईल. दिवसाला चार मिनिटं, महिन्याला दोन तास. कारण ताऱ्यांच्या हिशोबाने पृथ्वीचा एक फेरा २३ तास ५६ मिनिटांत होतो आणि आपलं घड्याळ सूर्याच्या हिशोबाने २४ तासांचं. हे चार मिनिटांचं गणित पाठ असलं की कुठला तारा कुठल्या महिन्यात किती वाजता येणार हे अ‍ॅप न उघडता सांगता येतं.

आणि आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट, जी मला वाटतं मराठी घरातल्या नवशिक्याला फुकटात मिळालेली आहे आणि कोणी वापरत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरमधे रोज जे नक्षत्र छापलेलं असतं ते चंद्राचं असतं. चंद्र सगळी फेरी साधारण २७.३ दिवसांत पुरी करतो म्हणजे रोज एक नक्षत्र. कॅलेंडरवर रोहिणी असेल त्या रात्री चंद्राच्या आसपास दहा अंशांच्या आत जो ठळक नारिंगी तारा दिसेल तो रोहिणी. असंच मघा आणि चित्रा ओळखता येतात. स्वाती, श्रवण यांचे तारे मात्र चंद्राच्या वाटेपासून बरेच लांब आहेत तिथे हे चालणार नाही. महिन्यांची नावंसुद्धा इथूनच आली, कार्तिकी पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांजवळ, चैत्री पौर्णिमेचा चित्रेजवळ, माघीचा मघेजवळ. कार्तिकात सूर्यास्ताला पूर्वेकडे कृत्तिका उगवतायत म्हणजे सूर्य त्यांच्या समोरच्या बाजूला, विशाखाच्या आसपास. हे सगळं आपल्याकडे रोज बोललं जातं, फक्त वर बघून बोलायचं राहून गेलंय.

कातळ

उत्तररात्र यांनी छान सांगितलंय, मी राशी आणि तारकासमूहाचं सांगते.

तीन वेगळ्या गोष्टी आहेत. नक्षत्र म्हणजे आयनिकवृत्ताचा सत्ताविसावा भाग. राशी म्हणजे त्याच वृत्ताचे १२ सारखे भाग, ३० अंशांचा एक. आणि तारकासमूह म्हणजे सगळ्या आकाशाचे मिळून ८८ तुकडे, आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ठरवलेले, त्यांच्या हद्दी १९३० मधे पक्क्या छापल्या गेल्या. हे तुकडे लहानमोठे आहेत आणि आकाशातला कुठलाही बिंदू कुठल्यातरी एका तारकासमूहात येतोच. आयनिकवृत्त यातल्या १३ तारकासमूहांतून जातं, बारा आपल्या राशींच्या नावाचे आणि तेरावा भुजंगधारी, वृश्चिक आणि धनूच्या मधे. डिसेंबरचा पहिला पंधरवडा सूर्य या भुजंगधारीत असतो. मधेमधे तेरावी रास सापडली अशा बातम्या फिरतात त्याचं मूळ एवढंच आहे, आकाशात नवीन काही आलेलं नसतं, हद्दी आखायच्या पद्धती दोन आहेत.

त्यामुळे अ‍ॅपमधे ७ जूनला सूर्य वृषभ तारकासमूहात दिसेल आणि पंचांग मृग नक्षत्र म्हणेल, त्यात भांडण नाही.

अजून एक, सप्तर्षी हा पूर्ण तारकासमूह नाही, एका मोठ्या तारकासमूहातले सात ठळक तारे आहेत. सध्या संध्याकाळी सप्तर्षी शोधू नका, ते पहाटे ईशान्येला मिळतील. संध्याकाळी उत्तरेकडे इंग्रजी एम अक्षरासारखी शर्मिष्ठा दिसते ती ओळखून ठेवा, पुढे कामाला येईल.

माळरान

दोघांचे खूप आभार. वडिलांना वाचून दाखवलं, ते म्हणाले आम्हाला हे ठाऊकच होतं फक्त सांगता येत नव्हतं, आणि आता तेही गच्चीवर यायला लागलेत. कॅलेंडरची युक्ती लेकीला भारी आवडली, तिने येत्या महिन्यातल्या रोहिणीवर खूण करून ठेवलीये. शर्मिष्ठा सापडली. आता प्रतीचं कोणी सांगेल का, आणि प्रत जर तेजस्वीपणा सांगते तर देवयानी दीर्घिकेची (म्हणजे गॅलक्सीची) प्रत ३.४ दाखवते मग ती ३.४ च्या ताऱ्याएवढी ठळक का दिसत नाही, आम्ही शोधली पण खात्री होईना.

कोकणकडा

प्रत हा शब्द वर्गातल्या नंबरासारखा घ्या, पहिला नंबर वरचा आणि सहावा खालचा. दोन हजार वर्षांपेक्षा जास्त झाली, हिप्पार्कस या ग्रीक निरीक्षकाच्या काळापासून सगळ्यात ठळक ताऱ्यांना पहिल्या प्रतीचे आणि जेमतेम दिसणाऱ्यांना सहाव्या प्रतीचे म्हणायची रीत पडली. पुढे एकोणिसाव्या शतकात त्याला गणित बसवलं, ५ प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर १०० पट फरक, म्हणजे एका प्रतीला सुमारे अडीच पट. गणित बसवल्यावर काही तारे पहिल्या प्रतीच्याही वर निघाले म्हणून शून्य आणि उणे आकडे आले. अभिजित जवळपास शून्य, व्याध उणे १.४६, शुक्र ऐन भरात उणे ४.५ च्या पुढे, पौर्णिमेचा चंद्र उणे १२.७, सूर्य उणे २६.७. व्याध आणि सहाव्या प्रतीचा तारा यांच्यात जवळपास हजार पट फरक आहे आणि आपला डोळा दोन्ही एकाच रात्री बघू शकतो याचं मला अजूनही नवल वाटतं.

बऱ्याच जणांची समजूत असते की ध्रुव सगळ्यात तेजस्वी तारा आहे. तो दुसऱ्या प्रतीचा आहे, त्याच्यापेक्षा तेजस्वी तारे चाळीसहून जास्त आहेत. त्याचं मोल जागेमुळे आहे.

आता देवयानी. ताऱ्याचा सगळा प्रकाश एका ठिपक्यात येतो. दीर्घिकेची ३.४ प्रत म्हणजे तिचा सगळा प्रकाश एका ठिपक्यात गोळा केला असता तर किती, पण प्रत्यक्षात तो प्रकाश पूर्ण चंद्राच्या कितीतरी पट जागेवर पसरलाय, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी पातळ. तेजोमेघ (वायू-धुळीचे ढग), तारकागुच्छ (ताऱ्यांचे झुबके), धूमकेतू सगळ्यांना हे लागू आहे. अ‍ॅपमधे धूमकेतूची प्रत ५ दिसली की शहरातली माणसं गच्चीवर धावतात आणि काही दिसत नाही, त्याचं कारण हेच.

बघायचं कसं ते सांगतो. शर्मिष्ठेच्या एममधे दोन कोन आहेत, त्यातला जो जास्त टोकदार आहे तो बाणासारखा देवयानीकडे रोख धरतो. नोव्हेंबरात रात्री आठ-नऊला ती तुमच्याकडे उत्तरेला बरीच वर, डोक्याजवळ असते म्हणजे धूळधुकं कमी लागतं. आधी वीस-तीस मिनिटं अंधारात बसायचं, मोबाइल अजिबात उघडायचा नाही, उजेड लागलाच तर टॉर्चवर लाल जिलेटीन कागद लावून वही बघा. मग नेमकं तिच्याकडे न बघता थोडं बाजूला बघायचं. डोळ्याच्या मधल्या भागाला रंग आणि बारीक तपशील चांगले कळतात पण मंद उजेड कडेच्या भागाला जास्त चांगला कळतो, म्हणून नजर तिरकी ठेवली की एक फिकट लांबट डाग उमटतो. तोच. तो प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालाय. साध्या डोळ्याने सहज दिसणारी याहून लांबची वस्तू नाही, आणि ती तुमच्या गच्चीवरून दिसते, मुंबईच्या माणसाला त्यासाठी गाडी काढून शंभर किलोमीटर जावं लागतं.

प्रकाशवर्ष हे अंतर आहे, वेळ नाही, हेही लेकीला सांगून ठेवा. एका वर्षात प्रकाश जितका जातो तितकं अंतर, साधारण ९.४६ लाख कोटी किलोमीटर. सूर्याचा प्रकाश ८ मिनिटं २० सेकंदांत येतो, व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर, रोहिणी ६५ वर, कृत्तिका साधारण ४४० वर.

आकाश किती अंधारं आहे ते मोजायला कृत्तिकांचा झुबका उत्तम. साध्या डोळ्याला किती तारे दिसतात ते मोजायचे. चांगल्या अंधारात बहुतेकांना सहा, तरुण डोळ्यांना जास्तही. मोठ्या शहरात तीन-चार दिसले तरी पुष्कळ.

भिंगवाला

टेलिस्कोपबद्दल. माळरान, तो ५२५ पटवाला घेऊ नका, कळकळीने सांगतो.

पट कशी निघते ते समजून घ्या म्हणजे कोणी फसवणार नाही. टेलिस्कोपचं नाभीय अंतर (भिंगापासून किंवा आरशापासून प्रकाश एकत्र येतो तिथपर्यंतचं) भागिले आयपीसचं, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाचं, नाभीय अंतर. ७०० मिलिमीटरच्या टेलिस्कोपला २५ चा आयपीस लावला तर २८ पट, १० चा लावला तर ७० पट. त्या जाहिरातीत ४ चा आयपीस आणि वर तीन पट वाढवणारं बार्लो भिंग लावून १७५ गुणिले ३ असं ५२५ काढलेलं असतं. गुणाकार बरोबर आहे पण दिसत काही नाही, कारण मोठं करायला आधी प्रकाश लागतो आणि तो पुढच्या भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासावर ठरतो. ढोबळ नियम असा की व्यास जितके मिलिमीटर त्याच्या दुप्पट पटीपर्यंतच काही अर्थ, ७६ मिलिमीटरला फार तर दीडशे, तेही हवा स्थिर असेल तेव्हा. त्यापुढे नुसता अंधुक थरथरणारा गोळा. शिवाय या स्वस्त सेटची तिवई इतकी लेचीपेची असते की हात लावला की शनी निघून जातो.

दुर्बीण घ्या, दोन डोळ्यांची, १० बाय ५० किंवा ७ बाय ५०. पहिला आकडा पट, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमधे. अंधारात डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते, ५० चं भिंग तिच्या सुमारे पन्नास पट प्रकाश गोळा करतं. तुमच्या बजेटात बसेल आणि उरलेल्या पैशात बरी तिवईही येईल. तिच्यातून चंद्रावरची विवरं, गुरूचे चार मोठे चंद्र, कृत्तिकांमधले ढीगभर तारे, मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ, शर्मिष्ठा आणि ययाती या तारकासमूहांच्या मधला ताऱ्यांचा जोडगुच्छ, देवयानी, सगळं दिसेल. चंद्र बघायचा तर पौर्णिमेला नको, अष्टमीच्या आसपास बघा, उजेड आणि अंधार जिथे मिळतात त्या संधिरेषेवर विवरांच्या लांब सावल्या पडतात आणि तिथेच खोली कळते.

आणि कितीही वेळा सांगितलं तरी कमी, दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही बघायचं नाही, मुलगी एकटी असताना दिवसा दुर्बीण हाताशी ठेवू नका. एका क्षणात डोळा कायमचा जातो.

निफाडकर

भिंगवाला यांच्याशी निम्मा सहमत. मी शाळेत शिकवतो आणि मुलांना आकाश दाखवतो, माझा अनुभव असा की मुलांनी शनीची कडी स्वतःच्या डोळ्याने पाहिली की पुढचं सगळं ती आपणहून शिकतात, आणि १० बाय ५० मधून कडी दिसत नाही, शनी लांबट वाटतो फार तर. कडी सुटी दिसायला २५-३० पट तरी हवी. तोच ७६ मिलिमीटरचा टेलिस्कोप २८ पटीवर ठेवला, बार्लो भिंग बाजूला काढून ठेवलं आणि तिवईला खाली वजन लटकवलं तर कडी दिसते. लहान दिसते पण दिसते. म्हणून मी सरसकट घेऊ नका म्हणणार नाही, ५२५ साठी घेऊ नका म्हणेन.

भिंगवाला

निफाडकर सर, कडीचं मान्य. तरी माझा आग्रह दुर्बिणीचाच, कारण टेलिस्कोपमधे आकाशाचा इवलासा तुकडा येतो आणि तारे ओळखत नसलेला माणूस त्यात काहीच शोधू शकत नाही, आठ दिवसांत तो माळ्यावर जातो. कडीसाठी आधी एखाद्या मंडळाच्या कार्यक्रमाला जा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासूनची, मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम घेतं. तिथे सात-आठ वेगवेगळ्या टेलिस्कोपांतून बघायला मिळतं, मग काय घ्यायचं ते लेकच सांगेल.

हडसनकाठ

मी मूळची कोल्हापूरची, आता न्यू जर्सीत. अंतर अंशांत कसं मोजायचं हे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की आकाशात ती साधारण १० अंश झाकते, करंगळीची रुंदी १ अंश, चंद्र अर्धा अंश. लहान मुलांचा हात लहान पण डोळ्यापासूनचं अंतरही कमी त्यामुळे त्यांनाही हेच माप चालतं.

आता ध्रुव जमिनीपासून किती अंश वर दिसतो तेवढा तुमच्या गावाचा अक्षांश. बार्शीला साधारण १८ म्हणजे उत्तर क्षितिजापासून दोन मुठींना थोडं कमी. पणजीला साडेपंधरा, नागपूरला २१, मला इथे ४० च्या वर. क्षितिजापासूनच्या या उंचीला उन्नतांश म्हणतात. ध्रुव वर गेला त्याच्या बदल्यात दक्षिणेचं आकाश मात्र गेलं. व्याधानंतरचा सगळ्यात तेजस्वी तारा अगस्ती, तो मला इथून कधीच दिसत नाही, क्षितिजाच्या वर येतच नाही. तुम्हाला तो जानेवारी-फेब्रुवारीत रात्री दक्षिणेला जवळजवळ दोन मुठींवर दिसेल. त्याची फार आठवण येते, तुम्ही नक्की बघा.

उत्तररात्र

हडसनकाठ ताई, तुमच्या अगस्तीवरून क्रांतीचं सांगतो. आकाशाचंही एक विषुववृत्त असतं, पृथ्वीचंच आकाशापर्यंत वाढवलेलं, आणि तारा त्याच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे तो आकडा म्हणजे क्रांती. उपयोग असा की ज्या ताऱ्याची क्रांती तुमच्या अक्षांशाएवढी तो बरोबर डोक्यावरून, म्हणजे ख-मध्यातून जातो. रोहिणीची क्रांती साडेसोळा अंश उत्तर, कोल्हापूरचा अक्षांश १६.७, म्हणून कोल्हापुरात रोहिणी जवळजवळ नेमकी डोक्यावरून जाते. मुंबईच्या डोक्यावरून स्वाती जाते. माळरान, बार्शी या दोघांच्या मधे, तुमच्याकडे रोहिणी डोक्याच्या किंचित दक्षिणेला आणि स्वाती किंचित उत्तरेला.

सूर्याची क्रांती मात्र वर्षभर बदलते, दक्षिण २३.४ ते उत्तर २३.४. ज्या दिवशी ती तुमच्या अक्षांशाएवढी होते त्या दिवशी दुपारी सूर्य डोक्यावर आणि उभ्या काठीची सावली नाहीशी, तोच शून्य सावलीचा दिवस. तुमच्याकडे तो १२ मेच्या आसपास येईल, पुन्हा जुलैअखेर पण तेव्हा ढग. लेकीला मेमधे अंगणात काठी रोवून हे करायला लावा, घड्याळात बरोबर बारा नसतील, बारा वाजून वीस-पंचवीस मिनिटांच्या सुमाराला लक्ष ठेवा कारण आपलं प्रमाणवेळेचं रेखावृत्त ८२.५ अंशांवर आहे आणि तुम्ही त्याच्या पश्चिमेला.

माळरान

काय आणि किती लिहिलंत सगळ्यांनी. काल देवयानी दिसली, तिरक्या नजरेने, लेकीला आधी आणि मला नंतर, वडिलांना नाही दिसली पण ते म्हणाले तुम्हाला दिसली ना मग झालं. कृत्तिका लेकीने सात मोजल्या. दुर्बीणच घ्यायचं ठरलंय, मंडळाचा कार्यक्रम सुट्टीत बघतो.

एकच विचारायचं होतं, १३ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून ताशी १२० च्या वर उल्का पडणार असं वाचलं. खरंच इतक्या दिसतात? कुठे बघायचं, दुर्बीण लागेल का? शेजारची पोरंही येणार म्हणतायत.

कोकणकडा

दुर्बीण नको, उल्कांना साधे डोळे. एका वेळी जितकं जास्त आकाश दिसेल तितकं चांगलं, सतरंजी टाकून उताणे झोपा, पांघरुणं भरपूर घ्या, डिसेंबरात माळावर पहाटे चांगलंच गारठतं.

१२० चा आकडा आदर्श परिस्थितीचा असतो, म्हणजे उल्कांचा उद्गमबिंदू बरोबर डोक्यावर आणि आकाश इतकं अंधारं की साडेसहाव्या प्रतीचे तारे दिसतायत. प्रत्यक्षात त्यापेक्षा कमी दिसतात, पण तुमच्या आकाशात मध्यरात्रीनंतर मिनिटाला एखादी पडली तरी नवल नाही. उद्गमबिंदू म्हणजे सगळ्या उल्का मागे नेल्या तर जिथून निघाल्यासारख्या वाटतात ती जागा, इथे ती मिथुनेत, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ. त्याच जागेकडे टक लावून बघू नका, तिथल्या उल्का आखूड दिसतात, थोडं बाजूला बघितलं की लांब रेघा मिळतात. नऊनंतर सुरू करा, दोनच्या सुमाराला मिथुन सगळ्यात वर असते तेव्हा संख्या वाढते. चंद्र किती वाजता उगवतो किंवा मावळतो ते कॅलेंडरवर आधी बघा, चंद्र वर असला तर घराच्या आडोशाला बसा म्हणजे थेट डोळ्यात येणार नाही.

बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंनी मागे टाकलेल्या धुळीचे असतात, हा मात्र ३२०० फेथॉन नावाच्या लघुग्रहाचा आहे. ऑगस्टच्या १२-१३ तारखेचा ययातीचा उल्कावर्षाव जगभर गाजतो पण आपल्याकडे तेव्हा ढग, म्हणून महाराष्ट्रातल्या माणसाने मिथुनेचा चुकवू नये.

पोरांना एकेक दिशा वाटून द्या आणि एकाने फक्त वही सांभाळायची, दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहायचा. नंतर इथे टाका, सोबत तेव्हा कृत्तिका किती दिसत होत्या तेही लिहा म्हणजे बाकीच्यांच्या आकड्यांशी ताडून बघता येईल.